अविश्वासाचे मूळ अज्ञानात नाही

संरक्षित क्षेत्रे, म्हणजे अभयारण्ये, राष्ट्रीय उद्याने, व्याघ्र प्रकल्प आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून राखलेले प्रदेश, यांच्या व्यवस्थापनाची चर्चा आपल्याकडे निघाली की एक युक्तिवाद हमखास मांडला जातो. स्थानिक लोकांचा वनविभागावर आणि एकूणच शासनावर विश्वास नाही, याचे कारण त्यांच्यापर्यंत योग्य माहिती पोहोचलेली नसते. हितसंबंधी मंडळी अफवा पसरवतात आणि रोजच्या गरजांनी गांजलेला माणूस दूरचे हित पाहू शकत नाही. तेव्हा प्रबोधन करावे, शिबिरे भरवावीत, पत्रके वाटावीत, म्हणजे विश्वास आपोआप निर्माण होईल, असा तो युक्तिवाद आहे. तो मांडणाऱ्यांत निसर्गरक्षणासाठी आयुष्य वेचलेली प्रामाणिक माणसे आहेत, आणि नेमके म्हणूनच त्याचा गांभीर्याने प्रतिवाद होणे आवश्यक आहे. हा युक्तिवाद वस्तुस्थितीला धरून नाही. लोकांचा अविश्वास हा त्यांनी पिढ्यानपिढ्या घेतलेल्या अनुभवातून काढलेला निष्कर्ष आहे, तो बहुतांशी बरोबर आहे, आणि अधिकारांची फेरवाटणी व उत्तरदायित्व यांच्यावाचून तो कोणत्याही प्रबोधनाने बदलणार नाही.

एखाद्या संस्थेवरचा विश्वास म्हणजे ती संस्था गैरसोय होत असतानाही आपला शब्द आणि कायदा पाळेल, अशी अपेक्षा. ही अपेक्षा केवळ भाषणांनी तयार होत नाही, संस्थेच्या पूर्वीच्या वर्तनावरून होते. म्हणून अविश्वासाचेही दोन प्रकार करावे लागतात: अनुभवाची कसोटी न लावता बाळगलेला पूर्वग्रह आणि अनुभवाच्या कसोटीवर पारखून घेतलेला निष्कर्ष. पहिल्यावर माहिती हा उपाय असू शकतो. दुसऱ्यावर तो लागू पडत नाही, कारण तेथे माहितीची उणीव नसतेच. संरक्षित क्षेत्रांभोवतीचा अविश्वास यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे अर्थात मतांवरून ठरणार नाही. त्यासाठी व्यवस्थापनाच्या पूर्वेतिहासाकडेच पाहिले पाहिजे.

ब्रिटिश राजवटीने १८६४ मध्ये वनविभाग स्थापन केला, आणि १८७८ व पुढे १९२७ च्या वन कायद्यांनी गावांच्या वापरातील अफाट जंगल सरकारी मालकीचे झाले. जळण, चराई, घरासाठी लाकूड, मोहफूल, औषधी मुळ्या यांचा जो वापर गावकरी हक्क म्हणून करत आले होते, आणि ज्याला विदर्भात निस्तार म्हणतात, तो एक तर सवलत ठरला किंवा गुन्हा. स्वातंत्र्यानंतर १९२७ चा कायदा तसाच चालू राहिला आणि त्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची भर पडली. या कायद्यात न्यायाची तजवीज नव्हती असे म्हणता येणार नाही. अभयारण्य करण्याचा इरादा शासनाने जाहीर केल्यावर जिल्हाधिकाऱ्याने त्या क्षेत्रातील लोकांच्या हक्कांची चौकशी करावी, दावे ऐकावेत, मान्य हक्क चालू ठेवावेत किंवा भरपाई देऊन संपादन करावेत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे, आणि २००२ च्या दुरुस्तीने हे काम शक्यतो दोन वर्षांत पुरे करण्याची अपेक्षाही घातली आहे. प्रत्यक्षात निर्बंध इराद्याच्या दिवसापासून लागू होतात आणि हक्कांची चौकशी मात्र दशकानुदशके रेंगाळते. गोव्यातील म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये घोषित झाले. त्यानंतर चोवीस वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तेथे व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश देताना वनवासींचे हक्क व दावे बारा महिन्यांत निकाली काढावेत असेही बजावले. तेथील सत्तरी तालुक्यातील ज्या शेतकऱ्याने आपली जमीन आपली आहे की नाही हे ठाऊक नसताना पाव शतक काढले, त्याला व्याघ्र प्रकल्पाने तुमचे काहीही नुकसान होणार नाही असे सांगितल्यावर त्याने विश्वास ठेवला नाही, तर त्याच्या आकलनात काही कमी आहे असे म्हणता येत नाही. त्याच अभयारण्यात जानेवारी २०२० मध्ये चार वाघ विषप्रयोगाने मेले. या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु लोंबकळत ठेवलेल्या हक्कांची किंमत शेवटी वन्यजीवांनाही मोजावी लागते, हे तरी त्यातून उघड व्हायला हवे.

सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील माळढोक अभयारण्याचे उदाहरण याहून बोलके आहे. माळढोक हा माळरानावर राहणारा, जमिनीवर अंडी घालणारा आणि आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असलेला मोठा पक्षी. त्याच्यासाठी १९७९ मध्ये तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. एवढ्या क्षेत्रात शेती, गावे, रस्ते, कालवे असे सगळेच आले, आणि ज्यांच्या सात-बाऱ्यावर पिढ्यानपिढ्या आपले नाव होते त्या शेतकऱ्यांना पुढे जमिनीच्या व्यवहारांत आणि बांधकामांत अभयारण्याचे निर्बंध आडवे येऊ लागले. दुसरीकडे त्याच काळात कालव्यांचे पाणी आले, ऊस वाढला, माळराने नांगराखाली गेली आणि उरलेल्या माळांना पडीक समजून तेथे झाडे लावण्याचे कार्यक्रम सरकारी खर्चाने राबवले गेले, वास्तविक मोकळे गवताळ रान हीच माळढोकाची गरज होती. अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणावे लागले. तोवर तीन दशके उलटली होती, शेतकऱ्याच्या मनात पक्ष्याविषयी कडवटपणा साचला होता आणि पक्षी जवळपास दिसेनासा झाला होता. या प्रकरणात अज्ञान कोणाचे होते, हा प्रश्न प्रबोधनाचा आग्रह धरणाऱ्यांनी स्वतःला विचारला पाहिजे. कागदावर एवढी मोठी रेघ ओढताना कोणते क्षेत्र खरोखर पक्ष्याच्या उपयोगाचे आहे, याची छाननी यंत्रणेने केली नव्हती, आणि त्या चुकीचा भार ज्यांनी उचलला त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

यावर असे म्हटले जाते की हा जुना इतिहास झाला आणि २००६ नंतर कायदा बदलला आहे. कायदा बदलला हे खरे आहे. त्या वर्षी वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले, आणि डिसेंबरमध्ये संसदेने वनहक्क कायदा संमत केला, ज्याने आदिवासी व इतर पारंपरिक वननिवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय शब्दशः मान्य केला. या दोन्ही कायद्यांचा एकत्रित अर्थ असा आहे की वाघाच्या गाभा क्षेत्रातूनही गाव हलवायचे असेल, तर आधी तेथील लोकांचे हक्क मान्य झाले पाहिजेत, सहअस्तित्व अशक्य असल्याचे शास्त्रीय निकषांवर सिद्ध झाले पाहिजे, आणि ग्रामसभेने पूर्ण माहितीनिशी, दबावाविना संमती दिली पाहिजे. परंतु वनहक्क कायदा २००७ च्या डिसेंबरच्या अगदी शेवटी अंमलात आला आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी लागू झाले, तर महाराष्ट्रातील मेळघाट, ताडोबा-अंधारी आणि पेंच येथील गाभा क्षेत्रांची अधिसूचना निघाली ती २७ डिसेंबर २००७ रोजी. हे केवळ महाराष्ट्रात घडले असेही नाही. देशभरातील अनेक व्याघ्र प्रकल्पांची गाभा क्षेत्रे त्याच काही आठवड्यांत घाईघाईने निश्चित झाली. शेकडो चौरस किलोमीटर जंगलाचा आणि त्यातील गावांचा निर्णय, ज्यासाठी कायद्याने सल्लामसलत आणि शास्त्रीय निकष सांगितले आहेत, तो हक्क देणारा कायदा दाराशी येऊन उभा असताना आटोपून घेतला गेला. लोकांना हक्क मिळण्याआधीच रेघ ओढून घेतली, असे जे गावात म्हटले जाते, त्याला अफवा म्हणण्यासाठी आधी या तारखा पुसाव्या लागतील.

पुनर्वसनाचा अनुभव यापेक्षा वेगळा नाही. कोयना खोऱ्यातील कुटुंबे आधी धरणासाठी उठली, त्यांतील काही काठाने वर सरकून डोंगरात राहिली, आणि १९८५ मध्ये कोयना अभयारण्य व २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाल्यावर त्याच खोऱ्यातील लोकांसमोर विस्थापन पुन्हा उभे राहिले. धरणग्रस्तांच्या पर्यायी जमिनींच्या मागण्या त्यानंतरही आंदोलनांतून मांडाव्या लागल्या. मेळघाटातून अकोट परिसरात हलवलेल्या गावांतील काही आदिवासी कुटुंबे आश्वासने पाळली गेली नाहीत म्हणून जंगलात परतली, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्यात व शासकीय यंत्रणेत हिंसक संघर्ष झाला, ज्यात दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. दहा लाख, आणि २०२१ नंतर पंधरा लाख, रुपयांचे पॅकेज घेऊन स्वेच्छेने बाहेर पडणारी कुटुंबेही आहेत, हे मान्य केले पाहिजे. शाळा, दवाखाना, रस्ता यांची ओढ खरी असते. पण जंगलातल्या गावाला वर्षानुवर्षे रस्ता, वीज, शाळा नाकारायची, शेळ्या-गुरांवर आणि मोहफुलांवर बंधने घालायची, आणि मग बाहेर पडण्याचा अर्ज आला की त्याला स्वेच्छा म्हणायचे, ही संमतीची व्याख्या कोणत्याही न्यायशास्त्रात बसत नाही. असे असूनही जून २०२४ मध्ये व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र पाठवून गाभा क्षेत्रांतील ५९१ गावे आणि ६४,८०१ कुटुंबे यांच्या पुनर्वसनाला प्राधान्य देण्यास सांगितले. एका बाजूने कालबद्ध कार्यक्रमाची मागणी करायची आणि दुसऱ्या बाजूने सारे काही ऐच्छिक असल्याचे सांगायचे, ही विसंगती गावाला सहज कळते.

आता अफवांच्या मुद्द्याकडे वळता येईल. पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाच्या, म्हणजे डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या, अहवालाविरुद्ध केरळपासून कोकणापर्यंत धादांत खोटा प्रचार झाला, घरे रिकामी करावी लागतील, शेती बंद होईल असे सांगितले गेले, आणि त्यामागे खाणी, दगडखाणी व जमीनखरेदीचे हितसंबंध होते, हे सर्व खरे आहे. प्रश्न असा की हा प्रचार रुजू शकला कशामुळे? समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर केला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तो प्रसिद्ध केला नाही. माहिती अधिकाराखाली मागणी झाली तेव्हा नकार दिला. केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये अहवाल खुला करण्याचा आदेश दिला, तेव्हा मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि तेथेही दिलासा न मिळाल्यावर मे २०१२ मध्ये तो जाहीर झाला. ज्या अहवालाचा गाभाच असा होता की संवेदनशील क्षेत्रांच्या सीमा आणि त्यांतील निर्बंध अंतिम करण्यापूर्वी ते ग्रामसभांपुढे त्यांच्या भाषेत ठेवावेत आणि त्यांच्या सूचनांनुसार बदलावेत, तोच अहवाल लोकांपासून महिनोन्महिने दडवला गेला. खऱ्या दस्तऐवजाची जागा सरकारने रिकामी ठेवली आणि ती खोट्याने भरून काढली. त्यामुळे अफवेचा दोष पसरवणाऱ्याकडे जितका जातो तितकाच माहिती अडवणाऱ्याकडेही जातो.

त्यानंतर काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा कार्यगट नेमला गेला. त्याने २०१३ मध्ये घाटाचे सुमारे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील ठरवले, पण सीमा उपग्रहांच्या प्रतिमांवरून ओढल्या आणि ग्रामसभांमार्फत खालून वर जाण्याची प्रक्रिया वगळली. मार्च २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत केंद्राने अधिसूचनेचे सहा मसुदे काढले, ज्यांत महाराष्ट्रातील १७,३४० चौरस किलोमीटरचा समावेश होता, आणि सहाव्या मसुद्यापर्यंत पोहोचूनही अंतिम अधिसूचना निघालेली नव्हती. लोकसहभागाने उशीर होतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. येथे तर लोकसहभाग वगळूनही दशक उलटले. गाडगीळ समितीने आपल्या अहवालात रत्नागिरी जिल्ह्याची एक नोंद केली आहे, ती या सगळ्याचा अर्थ स्पष्ट करते: ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात तेथे १९१ दिवस पोलीस कायद्याखाली जमावबंदीचे आदेश लागू होते, आणि ते प्रदूषण व प्रकल्पांविरुद्धच्या शांततापूर्ण निषेधांना आवर घालण्यासाठी वापरले गेले. पर्यावरणासाठी बोलणाऱ्या नागरिकाला जमावबंदी आणि पर्यावरणाचे नियम पाळण्यासाठी त्याच नागरिकाला आवाहन, अशी दुहेरी वागणूक जेथे मिळते तेथे विश्वास मागण्याचा नैतिक अधिकारच उरत नाही.

प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा वाघांच्या संख्येचा आहे. वाघांची संख्या २००६ च्या गणनेतील सरासरी १,४११ वरून २०२२ च्या गणनेत ३,६८२ पर्यंत गेली. ही जगातील दुर्मीळ यशोगाथा आहे आणि ती कडक नियंत्रणामुळेच शक्य झाली, असे सांगितले जाते. वाढ खरी आहे आणि तिच्यात वनरक्षकांच्या कष्टांचा मोठा वाटा आहे. परंतु या आकड्यांच्या आधीची गोष्ट गाळून चालणार नाही. २००१-०२ मध्ये पावलांच्या ठशांवरून देशात ३,६४२ वाघ असल्याचे सांगितले जात होते. राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात २००५ च्या आरंभी एकही वाघ उरलेला नसल्याचे उघड झाले, तोवर सरकारी कागदांवर तेथे वाघ नांदत होते. मध्य प्रदेशातील पन्ना येथे तेच २००९ मध्ये घडले, आणि तेथे तर वाघांचा अभ्यास करणारे रघु चुंडावत वर्षानुवर्षे धोक्याचा इशारा देत असताना त्यांच्या संशोधनावरच बंधने आली. नियंत्रण त्या काळातही कडकच होते. फक्त ते यंत्रणेच्या स्वतःच्या आकड्यांना लागू नव्हते. सुधारणा सुरू झाली ती सरिस्काच्या धक्क्यानंतर, जेव्हा व्याघ्र कृतिदल नेमला गेला, आधीची गणनापद्धती मोडीत काढली गेली, कॅमेऱ्यांवर व संख्याशास्त्रावर आधारलेली पद्धत आली आणि तिचे निष्कर्ष तपासणीसाठी खुले झाले. म्हणजे हे यश बंदिस्तपणाचे फळ नसून कबुलीचे आणि पारदर्शकतेचे फळ आहे. शिवाय चंद्रपूर जिल्ह्यातील कितीतरी वाघ ताडोबाच्या सीमेबाहेर, ब्रह्मपुरीसारख्या वनविभागांत, शेते आणि गावे यांच्या सान्निध्यात राहतात. तेथील माणसे तेंदूपत्ता व मोहफूल गोळा करताना जीव गमावतात, गुरे गमावतात, आणि तरीही वाघ तेथे टिकून आहे. संवर्धनाचा हा हिस्सा ज्यांच्या खात्यावर आहे त्यांना केवळ प्रबोधनाचे विषय मानणे हा त्यांच्यावरचा अन्याय आहे.

व्यवस्थापन हे तज्ज्ञांचे काम आहे आणि लोकांना परिसंस्थेचे, म्हणजे सजीव व त्यांचे भोवताल यांच्या परस्परसंबंधांच्या जाळ्याचे, शास्त्रीय ज्ञान नसते, हा पुढचा मुद्दा. शास्त्राचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. पण शास्त्राचा पहिला नियम असा की निष्कर्ष पडताळणीस खुला असावा. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ मध्ये म्हशींच्या चराईवर पूर्ण बंदी घातली गेली, विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात असे आढळले की चराई थांबल्यामुळे पाणथळीत गवत माजले आणि पाणपक्ष्यांना ती जागा पूर्वीपेक्षा गैरसोयीची झाली. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात बांबूच्या ऱ्हासाचा दोष गावकऱ्यांना आणि त्यांच्या गुरांना दिला जात होता. गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केलेल्या पाहणीत दिसले की कागद कारखान्यासाठी तोड करताना बांबूच्या बेटांभोवतीचे काटेरी आवरण साफ केले जात होते आणि त्यामुळे कोवळे कोंब उघडे पडत होते. हे आवरण राखले पाहिजे, ही गोष्ट स्थानिक लोकांना आधीपासून ठाऊक होती. या उदाहरणांवरून लोक नेहमी बरोबर असतात असे सिद्ध होत नाही. पण ज्या व्यवस्थेत एका बाजूचे ज्ञान ऐकलेच जात नाही ती व्यवस्था आपल्या चुका उशिरा, आणि दुसऱ्यांच्या खर्चाने, शिकते एवढे निश्चित सिद्ध होते.

या सर्वांच्या मुळाशी एक जुने गृहीतक आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले की सामाईक मालकीचे कुरण प्रत्येकाच्या स्वार्थामुळे उद्ध्वस्तच होते, म्हणून ते एक तर सरकारी असावे किंवा खासगी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील पाणी, जंगले, कुरणे आणि मासेमारीच्या प्रदेशांचा अभ्यास करून दाखवले की हार्डिन ज्याचे वर्णन करत होते ती कोणाचेच नियम नसलेली स्थिती होती, सामाईक व्यवस्थापन नव्हे. जेथे वापरणाऱ्यांना नियम करण्याचा हक्क, देखरेखीचे साधन आणि बाहेरील सत्तेची मान्यता असते तेथे अशी संसाधने शतकानुशतके टिकतात. या संशोधनासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. सर्वसहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा, अभ्यासगट आणि स्वतःची राखण यांच्या बळावर या गावाने आपले जंगल आधीच सांभाळलेले होते. पण कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकडाखेरीज जंगलातून मिळणारे उत्पन्न, असे स्पष्ट म्हटलेले असतानाही वनविभागाने त्याच्या वाहतुकीचे पास देण्यास नकार दिला. हा पेच सुटला तो एप्रिल २०११ मध्ये, जेव्हा तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि पासपुस्तिका ग्रामसभेच्या हाती दिली गेली. संसदेने दिलेला हक्क वापरण्यासाठी एका छोट्या गावाला केंद्रीय मंत्र्याची वाट पाहावी लागते, यातून आसपासच्या गावांनी व्यवस्थेविषयी कोणता निष्कर्ष काढला असेल, हे सांगण्याची गरज नाही. गडचिरोलीत आज हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत, आणि हा बदल शिबिरांतून न होता कायदेशीर अधिकार हाती आल्यामुळे झाला आहे.

अविश्वासाचे सर्वांत खोल कारण मात्र विषम वागणूक हे आहे. जळणाच्या मोळीसाठी गुन्हा नोंदवणारी व्यवस्था बलवानांपुढे कशी वागते, हे लोक पाहत असतात. वनजमीन प्रकल्पांना देताना बदल्यात दुसऱ्या जमिनीवर वनीकरण करण्याची अट असते, तिला भरपाई वनीकरण म्हणतात. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात दाखवले की २००६ ते २०१२ या काळात जी १,०३,३८२ हेक्टर वनेतर जमीन मिळायला हवी होती त्यापैकी २८,०८६ हेक्टर, म्हणजे सुमारे २७ टक्केच, मिळाली, आणि त्यातही प्रत्यक्ष वनीकरण झाले ते सुमारे ७,२८१ हेक्टरांवर. गोव्यात न्या. एम. बी. शाह आयोगाने बेकायदा खाणकामाचा पसारा उघड केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नोव्हेंबर २००७ नंतरचे सारे खाणकाम बेकायदा ठरवले. एवढी वर्षे डोंगर कापले जात असताना नियंत्रणाची सगळी यंत्रणा अस्तित्वात होती. आणि २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी, केंद्राने वनजमीन वळवण्यास मान्यता देण्यापूर्वी वनहक्कांची पूर्तता व ग्रामसभेची संमती तपासण्याची २००९ पासूनची अट मागे ढकलून राज्यांवर सोडली. निर्णय आधी आणि संमती नंतर, असा क्रम लावल्यावर संमतीला अर्थ राहत नाही.

या मांडणीवर दोन प्रामाणिक आक्षेप घेता येतात. पहिला असा की गावेही निर्दोष नसतात. शिकार होते, चोरटी तोड होते, वनहक्काचे बोगस दावे होतात, आणि ग्रामसभेत बड्यांचा आवाज चढा असतो. हे खरे आहे. परंतु सत्तेचा गैरवापर होऊ शकतो म्हणून सत्ता दुसऱ्या, तितक्याच गैरवापराच्या शक्यता असलेल्या आणि अधिक दूरच्या हातांत एकवटावी, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. दोन्हीकडे हिशेब आणि तपासणी हवी, हाच निघतो. दुसरा आक्षेप असा की उद्या ग्रामसभाच खाणीला होकार देईल, तेव्हा निसर्गाचे काय? ग्रामसभेचा अधिकार निसर्गरक्षणाचे कायदे रद्द करत नाही, तो त्यांच्यात आणखी एक पहारा उभा करतो. ओडिशातील नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानंतर बारा ग्रामसभांना विचारले गेले आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. त्या डोंगराचे रक्षण शेवटी तेथे राहणाऱ्यांच्या मतदानाने केले. याच संदर्भात हेही नमूद केले पाहिजे की अविश्वासाची झळ सर्वांत आधी कनिष्ठ वनकर्मचाऱ्याला बसते. अपुरी साधने, रिक्त पदे आणि वरून आलेले आदेश घेऊन तो गावकऱ्यांसमोर एकटा उभा असतो, आणि धोरणांच्या चुकांचा राग त्याच्यावर निघतो. लोकांना अधिकार दिल्याने त्याचे बळ घटणार नाही, उलट त्याला गावात साथी मिळतील.

तेव्हा विश्वास हवा असेल तर करण्याच्या गोष्टी स्पष्ट आहेत. प्रत्येक संरक्षित क्षेत्राचा नकाशा, व्यवस्थापन आराखडा, नुकसानभरपाईची प्रकरणे आणि जमाखर्च मराठीत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर वाचता येईल अशा रूपात खुले केले पाहिजेत. हक्कांची चौकशी पुरी झाल्याशिवाय नवे निर्बंध लागू करू नयेत, आणि रखडलेल्या चौकशांना मुदत व जबाबदार अधिकाऱ्याचे नाव जोडले पाहिजे. पुनर्वसनाची संमती स्वतंत्र साक्षीने नोंदवावी आणि वचने पुरी झाल्यावरच गाव हलावे. जेथे सामूहिक वनहक्क मान्य झाले आहेत तेथील व्यवस्थापनाचा निधी आणि निर्णय ग्रामसभेकडे जावेत, वनविभागाने तांत्रिक सल्लागाराची भूमिका घ्यावी. आणि जो नियम मोळी आणणाऱ्या बाईला लागतो तोच वनजमीन मागणाऱ्या कंपनीला, त्याच तत्परतेने लागला पाहिजे. यांतील बहुतेक गोष्टी आजच्या कायद्यांतच आहेत. त्यांसाठी नवा कायदा नको, असलेला कायदा यंत्रणेने स्वतः पाळायला हवा.

जंगल राखण्याची निकड कोणीही नाकारू नये. माळढोक जवळजवळ गेला आहे आणि घाटांचे कडे दर पावसाळ्यात खचत आहेत. नेमक्या या निकडीमुळेच लोकांना दोष देण्याची चैन आता परवडणारी नाही. विश्वास सिद्ध करण्याचा भार नेहमी सत्ता ज्याच्या हाती असते त्याच्यावर असतो, आणि भारतातील संरक्षित क्षेत्रांच्या व्यवस्थापनाने तो भार अजून उचललेला नाही. तो उचलला जाईपर्यंत लोकांनी प्रश्न विचारत राहावे, कागद मागत राहावे, ग्रामसभा भरवत राहाव्यात; निसर्गावर प्रेम करणाऱ्या शहरी वाचकानेही त्यांना अडथळा न मानता त्यांच्या बाजूने उभे राहावे.